थ्रीडी स्लायसरमधील नॉइज-फिल्टर: काय उरले यापेक्षा काय गळाले ते पाहावे

पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला चित्रांतील नॉइज, म्हणजे किमतींतला नको असलेला रवाळ गोंधळ, कमी करण्याचा विषय प्रकल्पासाठी कोणीतरी घेतेच, आणि असे बरेचसे अहवाल एकाच वळणाचे असतात: एखाद्या स्वच्छ छायाचित्रात काळे-पांढरे ठिपके मुद्दाम मिसळायचे, मीडियन फिल्टर (प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांमधली मधली किंमत ठेवणारा) लावून ते काढायचे आणि पीएसएनआर (मूळ चित्राशी जवळीक डेसिबलमध्ये सांगणारा आकडा) किती वाढला याचा तक्ता शेवटी जोडायचा. सीटी किंवा एमआरआयच्या प्रतिमेत असे सुटे ठिपके पडलेले नसतात. तिथला नॉइज प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीय प्रतिमेच्या सर्वांत लहान ठोकळ्यात) थोडाथोडा मुरलेला असतो, शेजारच्या व्हॉक्सेलशी त्याचे नाते असते, आणि ज्या बारीक रेषेसाठी किंवा फिकट डागासाठी स्कॅन काढलेला असतो तीही अनेकदा त्याच पातळीवरची असते. म्हणून खऱ्या स्कॅनवर हात बसवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांना डोळ्यांपुढे ठेवून थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमधील नॉइज कमी करणाऱ्या फिल्टरांचे हे परीक्षण लिहिले आहे.

स्लायसरची सुरुवात १९९८ मध्ये बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील शस्त्रक्रिया-नियोजन प्रयोगशाळा आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून झाली. ते मुक्त स्रोताचे आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कितीही संगणकांवर घातले तरी परवान्याचा खर्च येत नाही. मात्र रुग्णाच्या निदानासाठी त्याला मान्यता नाही; ते संशोधनासाठी आणि शिक्षणासाठी आहे, असे त्याचे निर्मातेच स्पष्ट सांगतात. पुढे जे लिहिले आहे ते ही मर्यादा गृहीत धरूनच वाचावे.

नॉइज मुळात सहन का करावा लागतो, हे आधी सांगणे आवश्यक आहे. सीटीमध्ये डिटेक्टरपर्यंत पोहोचणाऱ्या क्ष-किरणांच्या फोटॉनांची संख्या मर्यादित असते, आणि नॉइज डोसच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. नॉइज निम्म्यावर आणायचा तर डोस चौपट करावा लागतो. स्लाइस निम्मी पातळ केली की नॉइज सुमारे १.४ पट होतो, आणि हाडांसाठी किंवा फुप्फुसांसाठी वापरतात तो धारदार कर्नल (प्रतिमा घडवतानाचा गणिती साचा) निवडला की तो आणखी वाढतो. एमआरआयमध्ये किरणोत्साराचा प्रश्न नसला तरी वेळेचा आहे: सरासरीसाठी मोजण्या दुप्पट केल्या तर नॉइज १.४ पटीनेच घटतो, पण रुग्णाला दुप्पट वेळ निश्चल पडून राहावे लागते. भौतिकशास्त्राकडून मिळणारी सवलत इतकी महाग असल्यामुळे उरलेले काम सॉफ्टवेअरकडून करून घेण्याचा मोह स्वाभाविक आहे.

फिल्टर पारखण्यासाठी हाताशी असलेली कोणत्याही स्कॅनची सीडी उघडून 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन चित्रे शेजारी ठेवणे पुरेसे नाही, कारण गुळगुळीत चित्र डोळ्यांना नेहमीच अधिक चांगले वाटते. त्यासाठी कर्करोग-प्रतिमांच्या टीसीआयए या सार्वजनिक संग्रहातील मेयो क्लिनिकचा कमी डोसचा सीटी संच सोयीचा आहे. त्यात २९९ रुग्णांची डोके, छाती आणि पोट यांची स्कॅन नेहमीच्या डोसची तर आहेतच, शिवाय त्यांच्यात नॉइज मिसळून तयार केलेली कमी डोसची आवृत्तीही आहे: डोके आणि पोटासाठी २५ टक्के, छातीसाठी १० टक्के. गणिताने पोटाच्या कमी डोसच्या प्रतिमेत नॉइज सुमारे दुप्पट आणि छातीच्या प्रतिमेत सुमारे ३.२ पट असायला हवा. फिल्टरने दिलेले उत्तर कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न अशा जोडीमुळे सुटतो.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे आणि ती कोणत्याही स्कॅनवर करता येते. मूळ प्रतिमेतून फिल्टर केलेली प्रतिमा वजा करायची आणि उरलेल्या फरकाकडे नीट पाहायचे. फरकात केवळ एकसारखी रवाळ पार्श्वभूमी दिसली तर फिल्टरने मुख्यतः नॉइज काढला. पण तिथे यकृताची कडा, रक्तवाहिनीचा आकार किंवा बरगडीची रेषा ओळखू आली, तर तेवढी शरीररचना फिल्टरने नॉइजबरोबर वाहून नेली असा त्याचा अर्थ. २००५ मध्ये ब्युएड्स, कोल आणि मोरेल यांनी नॉन-लोकल मीन्स ही पद्धत मांडताना फिल्टरांची तुलना याच निकषावर केली होती. पुण्याजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्यासारख्या दुर्बिणींच्या निरीक्षणांतून आकाशाची प्रतिमा बनवणारे खगोलशास्त्रज्ञही ओळखलेले स्रोत वजा करून मागे राहिलेली प्रतिमा तपासतात, आणि त्या उरलेल्या भागात काही आकृती दिसली तर काम अजून संपलेले नाही असे समजतात. आपल्या प्रकल्प-अहवालांत मात्र हे फरकाचे चित्र क्वचितच छापलेले असते, याचे नवल वाटते.

स्लायसरमध्ये यासाठी 'सबट्रॅक्ट स्केलर व्हॉल्यूम्स' हे मोड्यूल तयार आहे. वजाबाकीत ऋण किमती येणारच, म्हणून त्याआधी 'कास्ट स्केलर व्हॉल्यूम' वापरून दोन्ही प्रतिमा फ्लोट प्रकारात (ज्यात ऋण आणि अपूर्णांकी किमतीही मावतात) बदलून घेणे शहाणपणाचे. विशेषतः एमआरआयच्या बाबतीत, कारण तिथल्या मूळ किमती बहुधा धनच असतात. फरकाची विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायच्या किमतींचा पट्टा, शून्याभोवती अरुंद ठेवावी. सीटीसाठी साधारण १०० हाउन्सफील्ड एककांची (सीटीतील घनतेच्या मापाची) रुंदी पुरते. शिफ्ट दाबून माउस फिरवला की तिन्ही दृश्यांत तोच बिंदू समोर येतो, ही स्लायसरची सोय या कामात फार उपयोगी पडते. केवळ या एका कारणासाठीही मी विद्यार्थ्यांना हे सॉफ्टवेअर सुचवीन.

आता फिल्टरांकडे. 'डीनॉइझिंग' या गटात चार मोड्यूल आहेत. त्यांपैकी गॉसियनबद्दल, म्हणजे शेजाऱ्यांना अंतरानुसार वजन देऊन सरासरी काढणाऱ्या फिल्टरबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. त्याचा सिग्मा (पसाऱ्याचे माप) मिलिमीटरमध्ये द्यायचा असतो, ही चांगली गोष्ट. १ मिलिमीटर सिग्मा म्हणजे सुमारे २.३५ मिलिमीटर रुंदीचा धूसरपणा, आणि फरकाच्या प्रतिमेत संपूर्ण सांगाडा रेखून काढल्यासारखा दिसतो. शिकवण्यासाठी उत्तम, वापरण्यासाठी नाही.

मीडियन फिल्टरला आपल्याकडे जो मान आहे तो मला अनाठायी वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. स्लायसरमध्ये त्याचा शेजार मिलिमीटरमध्ये नसून व्हॉक्सेलच्या संख्येत मोजला जातो. त्रिज्या १ असली तर ३ × ३ × ३ म्हणजे २७ व्हॉक्सेलांमधली मधली किंमत निवडली जाते. एक व्हॉक्सेल जाडीची सरळ रक्तवाहिनी या २७ पैकी ३ व्हॉक्सेल व्यापते. मधली किंमत ठरवायला किमान १४ मते लागतात. त्यामुळे ती वाहिनी कितीही ठळक असली तरी समूळ पुसली जाते. एक व्हॉक्सेल जाडीचा पडदा, उदाहरणार्थ फुप्फुसाच्या दोन खंडांमधली फट, ९ व्हॉक्सेल व्यापतो आणि तोही जातो. दोन व्हॉक्सेल जाडीचा पडदा १८ व्हॉक्सेलांमुळे टिकतो, पण दोन व्हॉक्सेल रुंद आणि दोन व्हॉक्सेल उंच अशी वाहिनी १२ वरच अडते आणि नाहीशी होते. मीडियन कडा राखतो असे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते आणि मोठ्या अवयवांच्या सरळ कडांपुरते ते खरेही आहे. छातीच्या सीटीत मात्र आपल्याला हवे असते ते नेमके अशा बारीक नळ्यांचे आणि पडद्यांचे जाळे. त्यातच स्लाइस ५ मिलिमीटर जाड आणि आडवा व्हॉक्सेल ०.७ मिलिमीटरचा असेल, तर हा शेजार दोन दिशांना २.१ मिलिमीटर आणि तिसऱ्या दिशेला तब्बल १५ मिलिमीटर पसरतो. मोड्यूल त्याबद्दल कोणताही इशारा देत नाही. निदान अशा वेळी एक वाक्याची सूचना तरी पडद्यावर यायला हवी होती.

ग्रेडियंट अॅनिसोट्रॉपिक डिफ्यूजन हा फिल्टर पेरोना आणि मलिक यांच्या १९९० मधील मांडणीवर बेतलेला आहे. जिथे किमतींचा उतार सौम्य आहे तिथे शेजाऱ्यांच्या किमती एकमेकींत मिसळू द्यायच्या आणि जिथे उतार तीव्र आहे तिथे मिसळणे रोखायचे, ही त्यातली कल्पना. मिसळणे किती सैल सोडायचे हे 'कंडक्टन्स' ठरवतो, किती वेळा करायचे हे 'इटरेशन्स'. तिसरा आकडा टाइम स्टेपचा. तो मुळात ०.०६२५ असतो आणि तो वाढवण्याच्या फंदात पडू नये, कारण त्रिमितीय प्रतिमेत गणित स्थिर राहण्यासाठी सुचवलेली मर्यादा १/१६ म्हणजे नेमकी तीच आहे. स्लाइसमधले अंतर विचारात घेण्याचा पर्यायही येथे आहे. दिशेनुसार व्हॉक्सेलचा आकार वेगळा असेल तर तो चालूच ठेवावा.

हाडाची कडा किंवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधली सीमा या फिल्टरला उत्तम साधते, कारण तिथे शेकडो एककांचा फरक असतो. अडचण येते ती यकृतात. आजूबाजूच्या पेशींपेक्षा १५-२० एककांनीच गडद असलेली गाठ आणि तेवढाच किंवा त्याहून अधिक नॉइज असला, की गाठीच्या कडेचा उतार आणि नॉइजचा उतार फिल्टरला सारखेच दिसतात. कंडक्टन्स कमी ठेवला तर दोन्ही राहतात, वाढवला तर दोन्ही विरघळतात. मधला सुरक्षित आकडा शोधण्यात विद्यार्थ्यांचा वेळ जातो आणि तो आकडा पुढच्या रुग्णाला लागू पडत नाही. मोड्यूलच्या पडद्यावर 'सीटी पोट' किंवा 'एमआर मेंदू' असे सुरुवातीचे आकडे तयार मिळाले असते तर ते अंतिम नाहीत हे समजूनही नवख्यांना आधार झाला असता.

कर्व्हेचर अॅनिसोट्रॉपिक डिफ्यूजन हे त्याचेच सुधारलेले रूप. प्रतिमेतील समान किमतीच्या पृष्ठभागांच्या वक्रतेवर ते काम करते, त्यामुळे निव्वळ ठळकपणावर कमी विसंबून राहते आणि बारीक रचना अधिक टिकवते. प्रत्येक फेरीला ग्रेडियंटच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो, पण फेऱ्या कमी पुरतात. चौघांत मी याला पहिला क्रमांक देईन. फरकाच्या प्रतिमेत वाहिन्यांच्या खुणा येथेही दिसतात, पण फिकट आणि तुटक. शस्त्रक्रियेपूर्वी यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे त्रिमितीय प्रारूप बनवताना, 'सेगमेंट एडिटर'मध्ये (अवयव वेगळा आखून काढण्याच्या मोड्यूलमध्ये) जाण्याआधी याच्या मोजक्या फेऱ्या दिल्या तर पृष्ठभाग खडबडीत येत नाही आणि हाताने पुसण्याचे काम बरेच वाचते. माझ्या मते या सगळ्या गटाचा खरा उपयोग तोच आहे.

नॉन-लोकल पद्धतीच्या कुळातला, तुकड्या-तुकड्यांचे साम्य शोधणारा फिल्टर स्लायसरच्या या गटात नाही. सिंपल-आयटीके या प्रतिमा-प्रक्रियेच्या भांडारातून तो घ्यावा लागतो. कल्पना सुंदर आहे: एखाद्या व्हॉक्सेलची किंमत त्याच्या शेजाऱ्यांवरून न ठरवता, त्याच्याभोवतीच्या तुकड्यासारखे दिसणारे तुकडे प्रतिमेत इतरत्र शोधून त्यांच्या सरासरीवरून ठरवायची. मेंदूच्या एमआरआयमध्ये करड्या थराच्या घड्या पुनःपुन्हा येतात, तिथे तो चांगला चालतो आणि फरकाची प्रतिमा सर्वांत कोरी येते. किंमत मोजावी लागते ती वेळेत. ५१२ × ५१२ च्या ३०० स्लाइस म्हणजे सुमारे ७ कोटी ८६ लाख व्हॉक्सेल. पूर्ण छातीवर हा फिल्टर सोडण्याआधी 'क्रॉप व्हॉल्यूम'ने हवा तेवढाच भाग कापून घ्यावा.

या फिल्टरमध्ये नॉइजचा प्रकार निवडता येतो, आणि एमआरआयसाठी 'रायशियन' निवडणे ही केवळ औपचारिकता नाही. एमआरआयची नेहमीची प्रतिमा ही दोन घटकांवरून काढलेले परिमाण असते, त्यामुळे तिच्यात ऋण किंमत येऊच शकत नाही. जिथे संकेत शून्य आहे तिथेही नॉइजच्या सिग्माच्या (त्याच्या चढउताराच्या मापाच्या) सुमारे १.२५ पट इतकी सरासरी किंमत उरते. साधी सरासरी काढणारा फिल्टर हा फुगवटा नॉइज समजून काढत नाही, उलट तो गुळगुळीत करून पक्का करतो. डिफ्यूजन प्रतिमांमध्ये (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयमध्ये; वरच्या डिफ्यूजन फिल्टरांशी याचा संबंध नाही) संकेत मुळातच क्षीण असतो. तिथे या फुगवट्यामुळे एडीसीची (त्या हालचालीच्या मापाची) किंमत खऱ्यापेक्षा कमी निघू शकते. चित्र देखणे आणि आकडा चुकीचा, अशी ही गत. सीटीतही असेच एक उदाहरण आहे. एम्फिसीमा (फुप्फुसातील वायुकोश नष्ट होण्याचा रोग) मोजताना उणे ९५० हाउन्सफील्डच्या खालील व्हॉक्सेलांचे प्रमाण पाहतात. नॉइज वाढला की काही निरोगी व्हॉक्सेलही त्या रेषेखाली घसरतात आणि फिल्टर लावला की वर येतात. एका वर्षाचे स्कॅन फिल्टर करून आणि दुसऱ्या वर्षाचे तसेच ठेवून तुलना केली तर रोग बरा झाला किंवा बळावला असे दोन्ही निष्कर्ष खोटेच निघू शकतात.

पीएसएनआर आणि एसएसआयएम (दोन चित्रांच्या रचनेतले साम्य सांगणारा) या आकड्यांवर विसंबू नये असे मी म्हणतो त्यामागे साधा हिशेब आहे. ५ मिलिमीटर व्यासाच्या गाठीचे आकारमान सुमारे ६५ घन मिलिमीटर. व्हॉक्सेल ०.७ × ०.७ × १ मिलिमीटरचा धरला तर ती गाठ सुमारे १३० व्हॉक्सेलांची झाली. वर सांगितलेल्या पावणेआठ कोटींहून अधिक व्हॉक्सेलांच्या प्रतिमेतून ती समूळ नाहीशी झाली तरी पीएसएनआरच्या पहिल्या काही दशांश स्थळांत काही हलणार नाही. गाठीसाठी स्कॅन आणि गाठ सोडून सगळ्यासाठी गुण!

फरकाच्या प्रतिमेलाही मर्यादा आहेत, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नॉइजच्या पातळीखालचा डाग फिल्टरने गिळला, तर फरकातही तो नॉइजखालीच दडलेला राहतो. डोळ्यांना तो तिथेही सापडत नाही. तेवढ्यासाठी मेयोच्या संचासारखी नेहमीच्या डोसची जोडी लागते, किंवा ज्यातील वस्तूंचे आकार आणि घनता आधीच ठाऊक आहेत असा फँटम, म्हणजे चाचणीसाठी बनवलेली कृत्रिम वस्तू. अमेरिकी रेडिओलॉजी कॉलेजच्या सीटी फँटममध्ये पार्श्वभूमीपेक्षा केवळ ६ एककांनी वेगळ्या अशा ६ ते २ मिलिमीटर जाडीच्या कांड्या असतात. फिल्टर लावल्यावर त्यांपैकी किती ओळखू येतात, हे मोजणे कोणत्याही डेसिबलच्या आकड्यापेक्षा उपयोगाचे.

आता यंत्राबरोबर येणाऱ्या, डीप लर्निंगवर आधारलेल्या प्रणालींची चर्चा सर्वत्र आहे. त्यांपैकी सीटीसाठीच्या दोन प्रणालींना अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्यांची आणि स्लायसरची थेट तुलना करणे योग्य नाही, कारण त्या प्रतिमा घडत असतानाच काम करतात आणि यंत्राची कच्ची मोजमापे त्यांना उपलब्ध असतात, तर स्लायसरच्या हाती तयार झालेली प्रतिमा येते. त्यामुळे त्यांची झेप मोठी आहे. पण तिथे वजा करण्यासाठी 'मूळ' प्रतिमा वापरणाऱ्याच्या हाती सहसा नसते. कमी मोजमापांतून एमआरआय प्रतिमा घडवण्याच्या २०२० च्या फास्टएमआरआय स्पर्धेतील प्रतिमा पाहताना रेडिओलॉजिस्टांना काही ठिकाणी प्रत्यक्षात नसलेल्या रचनाही उमटलेल्या दिसल्या होत्या. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाला बसताना नेहमीच्या पद्धतीने बनवलेली तीच मालिका शेजारी मागावी, आणि ती देण्यास खळखळ झाली तर तेही परीक्षणाचाच भाग समजावे.

काही व्यवहारातल्या गोष्टी. स्कॅन सेंटरमधून फिल्मबरोबर मिळणाऱ्या सीडीत अनेकदा ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइसच असतात. यंत्राने काढलेली पातळ मालिका काही काळाने पुसली जाऊ शकते, म्हणून ती हवी असेल तर त्याच दिवशी काउंटरवर सांगावे. पातळ मालिका हाताशी असेल तर पुष्कळदा फिल्टरची गरजच उरत नाही: स्लायसरच्या दृश्यात जाड स्लॅबची सरासरी घेण्याची सोय आहे. १ मिलिमीटरच्या ५ स्लाइसची सरासरी नॉइज जास्तीत जास्त २.२ पटीने उतरवते आणि मूळ माहितीला धक्काही लावत नाही. संगणकाबाबत सांगायचे तर, उघडलेल्या प्रतिमेच्या दहापट मेमरी असावी असा स्लायसरच्या मार्गदर्शिकेचा सल्ला आहे. ३०० स्लाइसची सीटी सुमारे १५७ मेगाबाइटची असते, पण फ्लोटमध्ये बदलली की दुप्पट होते आणि मूळ, फिल्टर केलेली व फरकाची अशा तीन प्रती एकाच वेळी उघड्या राहतात. ८ जीबीच्या लॅपटॉपवर काम होते, १६ जीबीवर सुखाने होते.

सीडीवरील डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचे प्रमाण स्वरूप) फाइलींत रुग्णाचे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि स्लायसरमध्ये त्या आयात केल्यावरही ही माहिती तशीच राहते. वर्गात पडद्यावर दाखवण्याआधी ती काढून टाकणे ही शिकवणाऱ्याची जबाबदारी. फिल्टर केलेली प्रतिमा एनआरआरडी स्वरूपात जपावी, तिच्या नावातच फिल्टर, कंडक्टन्स आणि फेऱ्यांची संख्या लिहावी, आणि ती मूळ मालिकेच्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये.